ठाऊक आहे, पण दाखवणार नाही

दक्षिण अमेरिकेतील पक्षी पाहण्यासाठी जगभरातून जे प्रवासी जातात, त्यांच्या सहली मोठ्या कौशल्याने आखलेल्या असतात. इक्वेडोरसारख्या लहान देशातही दोन आठवड्यांत माणूस अँडीज पर्वतावरील थंड, वृक्षहीन गवताळ पठारे पाहतो, तेथून उतरत ढगांत बुडालेल्या दमट अरण्यात शिरतो आणि अखेर ॲमेझॉनच्या सखल, पाणथळ रानात पोचतो. उंची बदलली की झाडे बदलतात आणि झाडे बदलली की पक्षी बदलतात. शेजारच्या कोलंबिया देशात तर पक्ष्यांच्या १,९०० हून अधिक जातींची नोंद आहे. आपल्या खंडप्राय भारतात ही संख्या १,३०० च्या थोडी पुढे जाते. एवढ्या समृद्धीत नवखा माणूस एकटा गेला तर त्याच्या हाती पानांच्या हालचालीपलीकडे काही लागत नाही. म्हणून अशा प्रत्येक सहलीबरोबर एक वाटाड्या असतो. तो बहुधा त्याच मुलखातला, लहानपणापासून रान तुडवलेला असतो. पाहुण्याच्या वहीत जी यादी वाढत जाते, ती खरे पाहता या वाटाड्याच्या कानांची आणि डोळ्यांची कमाई असते.

या लेखात आम्हांला पक्ष्यांपेक्षा या वाटाड्याच्या सदसद्विवेकबुद्धीचा विचार करावयाचा आहे. पाहुण्याने पैसे मोजले आहेत. त्याला एक दुर्मीळ पक्षी पाहावयाचा आहे. वाटाड्याला त्या पक्ष्याचे घरटे ठाऊक आहे. मात्र तेथे माणसे नेली तर पक्षी अंडी सोडून जाईल, अशी त्याला भीती वाटते. पाहुणा सरळ विचारतो, “तुम्हांला घरटे ठाऊक आहे का?” वाटाड्याने काय उत्तर द्यावे?

हा प्रश्न सातासमुद्रापलीकडचा आहे, असे समजण्याचे कारण नाही. यवतमाळ जिल्ह्यातील उमरखेड तालुक्यात ढाणकी हे गाव आहे. तेथून पैनगंगा अभयारण्याचे सागवानी रान फारसे दूर नाही. नदीच्या एका काठाला विदर्भ, दुसऱ्या काठाला मराठवाडा. कापूस, तूर आणि सोयाबीनची शेते, मधूनच एखादा नाला, बांधावरची बाभळ, मग गवताळ माळ आणि पुढे दाट होत जाणारे जंगल असा हा प्रदेश आहे. अँडीजची उंची येथे नाही. पण शेत, माळ, नदी आणि रान या चार वस्त्यांचे पक्षी एका दिवसाच्या पायपिटीत भेटू शकतात. तारेवरचा नीलकंठ आणि वेडा राघू, पाण्यावर टपलेला खंड्या, माळावरची टिटवी, झाडोऱ्यातला भारद्वाज आणि पावसाच्या तोंडावर येणारे चातक व नवरंग येथील गुराख्याला नवे नाहीत. उद्या या भागातील एखादा तरुण शहरातून येणाऱ्या पाहुण्यांना पक्षी दाखवून चार पैसे मिळवू लागला, तर त्यात आनंदच आहे. परंतु त्याच दिवशी वर सांगितलेला प्रश्न त्याच्या दारात उभा राहील.

प्रथम हे ठरवले पाहिजे की पाहुणा पैसे कशाचे मोजतो. पक्षी वाटाड्याच्या मालकीचा नसतो. तेव्हा तो विकताही येत नाही. विकला जातो तो वाटाड्याचा वेळ, त्याचे श्रम आणि त्याचे ज्ञान. हे ज्ञान पुस्तकी ज्ञानाहून कमी प्रतीचे मानण्याची आपल्याला सवय लागली आहे. मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) यांनी वनखात्यात नोकरी करीत असताना रानातल्या माणसांकडून पक्ष्यांची नावे आणि सवयी ऐकून टिपल्या आणि त्यांतून मराठीत ‘पक्षिकोश’ उभा राहिला. विद्वानाने गुराख्याच्या पायांशी बसावे, हा तो आदर्श होय. ज्ञान जर वाटाड्याचे असेल, तर ते कोठे वापरावे आणि कोठे राखावे हे ठरवण्याचा अधिकारही त्याच्याकडे राहतो. पाहुणा त्याच्या दिवसाचे मोल देतो. त्याच्या विवेकाचे मोल देत नाही.

इक्वेडोरमधील मिंडोजवळच्या डोंगरात आन्हेल पास नावाचा शेतकरी आहे. आपल्या रानात पक्षी पाहायला लोक येतील, हे लक्षात आल्यावर २००५ च्या सुमारास त्याने पाहुण्यांसाठी वाट मोकळी केली. अँटपिट्टा नावाचा, जमिनीवर वावरणारा अत्यंत लाजाळू पक्षी त्याने रोज गांडुळे घालून ओळखीचा केला आणि पहिल्या पक्ष्याचे नाव ‘मारिया’ ठेवले. रानटी पक्ष्याला असे खाऊ घालावे की नाही, याविषयी दुमत असू शकते. तरीही त्यात एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. पक्षी आपल्या पायांनी येतो. तो आला नाही तर पाहुण्याला रिकाम्या हाताने परतावे लागते. आणि पाहुण्यांच्या पैशामुळे जंगल तोडण्यापेक्षा ते राखणे त्या कुटुंबाला परवडू लागले.

याच्या उलट दुसरी रीत आहे. पक्ष्याच्या आवाजाची ध्वनिफीत वाजवली की तो धावून येतो, कारण आपल्या हद्दीत कोणी प्रतिस्पर्धी शिरला असे त्याला वाटते. एकदा वाजवले तर कदाचित फार बिघडणार नाही. पण दररोज नवा गट आणि दररोज तीच फीत असे झाले, तर तो पक्षी चारा शोधण्याचा आणि पिलांना भरवण्याचा वेळ नसलेल्या शत्रूशी भांडण्यात घालवतो. आपल्याकडेही उजनी धरणाच्या फुगवट्यात, भिगवण परिसरात, मासेमारी करणाऱ्यांच्या नावा हिवाळ्यात पाहुण्यांना रोहित पक्षी दाखवण्यासाठी निघतात. धरणाच्या पाण्याने ज्या गावांच्या जमिनी घेतल्या, त्याच पाण्याने त्यांना हा रोजगार दिला, ही समाधानाची बाब आहे. मात्र उडत्या थव्याचे छायाचित्र हवे म्हणून नाव थेट थव्यावर घालण्याचा आग्रह जेव्हा पाहुणा धरतो, तेव्हा वल्हे नावाड्याच्या हातात असले तरी दोष दोघांच्या माथी येतो. किंबहुना आग्रह धरणाऱ्याच्या माथी तो अधिक येतो, कारण नकार दिल्यास नावाड्याचा रोज बुडण्याची भीती असते आणि पाहुण्याचे मात्र एक चित्र तेवढे बुडते.

ठिकाण उघड झाल्याने काय घडू शकते, याचे दुःखद उदाहरण ब्राझीलमध्ये आहे. बाईया राज्यातील कुरासा गावाजवळच्या कोरड्या रानात स्पिक्सचा निळा मकाव पोपट राहत असे. १९८० च्या दशकाच्या मध्याला तेथे केवळ तीन पक्षी उरल्याचे आढळले. पिंजऱ्यांच्या व्यापारात या पक्ष्याला प्रचंड किंमत होती. दोन-तीन वर्षांत तेही पकडले गेले. १९९० मध्ये एकच नर मोकळा सापडला आणि २००० साली तोही दिसेनासा झाला. पुढे पाळीव पक्ष्यांपासून वाढवलेली काही पाखरे २०२२ मध्ये त्याच भागात सोडण्यात आली. पक्षी जितका दुर्मीळ, तितकी त्याच्या ठावठिकाण्याची किंमत मोठी आणि तितकेच ते सांगणे धोक्याचे.

येथवर वाचक कदाचित सहमत होतील. पण एक आक्षेप सहज टाळता येत नाही. सत्य बोलावे, असे आपण मुलांना शिकवतो. मग ठाऊक असलेले दडवणे हे असत्य नव्हे काय? आणि दडवण्याची एकदा मुभा दिली, की ती कोठे थांबेल?

हा आक्षेप किती गंभीर आहे, हे महाराष्ट्रातच घडलेली एक कथा सांगते. रानपिंगळा हे लहानसे घुबड ह्यूम यांनी १८७३ मध्ये शास्त्रीय जगासमोर आणले. एकोणिसाव्या शतकात त्याचे मोजके नमुने मिळाले आणि नंतर तो जणू नाहीसा झाला. रिचर्ड माइनर्ट्झहागेन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने मात्र १९१४ मध्ये गुजरातेतील मांडवी येथे आपण एक नमुना मिळवल्याची नोंद केली होती. तिच्यावर विसंबून नंतरच्या शोधकांनी चुकीच्या जागी वेळ दवडला. पुढे पामेला रासमुसेन यांनी त्या नमुन्याची बारकाईने तपासणी केली. तो ब्रिटिश संग्रहालयातून चोरलेला जुना नमुना होता आणि त्यावर खोटी चिठ्ठी लावलेली होती. मांडवीची नोंद बाजूला सारून रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुन्या, खऱ्या नोंदींचा माग काढला आणि २५ नोव्हेंबर १९९७ रोजी शहाद्याजवळच्या रानात त्यांना रानपिंगळा जिवंत दिसला. शतकाहून अधिक काळानंतरचे ते पहिले खात्रीचे दर्शन होते. ठिकाण खरे कळले, म्हणूनच पुढे मेळघाट आणि अन्य जंगलांत त्याचा अभ्यास आणि संरक्षण सुरू होऊ शकले.

म्हणजे एकीकडे ठिकाण कळल्यामुळे पोपट गेला आणि दुसरीकडे ठिकाण खोटे सांगितल्यामुळे पिंगळा हरवून राहिला. या दोन घटना परस्परविरोधी वाटतात. पण त्या एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत, असे आम्हांला वाटते. खोटे बोलणे आणि न सांगणे यांत मूलतः अंतर आहे. खोटे बोलणारा दुसऱ्याच्या मनात चुकीचा नकाशा काढून ठेवतो. त्या नकाशावर विश्वासून पुढच्या पिढ्याही वाट चुकतात. न सांगणारा नकाशातील एक जागा कोरी ठेवतो, आणि ती कोरी आहे हे समोरच्याला दिसते.

हा भेद ख्रिस्ती विचारपरंपरेला अपरिचित नाही. संत ऑगस्टीन यांनी चौथ्या शतकाच्या अखेरीस असत्यभाषणाविषयी जो ग्रंथ लिहिला, त्यात त्यांच्याच तागास्ते गावचे पूर्वीचे बिशप फिर्मुस यांची हकीकत येते. त्यांनी एका माणसाला आसरा देऊन लपवले होते. बादशहाचे शिपाई त्याला शोधीत आले तेव्हा, आपण खोटेही बोलणार नाही आणि त्या माणसाला धरूनही देणार नाही, असे बिशपांनी सांगितले. त्यांचा छळ झाला, तरी ते ढळले नाहीत. अखेर त्यांना बादशहासमोर नेण्यात आले आणि त्यांच्या दृढतेने प्रभावित होऊन बादशहाने त्या माणसाला माफी दिली.

घरट्याविषयीही पवित्र शास्त्र मूक नाही. वाटेत घरटे आढळले तर पिलांबरोबर आईलाही धरू नये, तिला जाऊ द्यावे, अशी आज्ञा अनुवाद ग्रंथाच्या बाविसाव्या अध्यायात आहे. घरटे सापडले म्हणून त्यातील सर्व काही आपले होत नाही, हे तत्त्व इतक्या प्राचीन काळी सांगितले गेले. आज आपल्याला पक्षी खायचा नसतो, केवळ पाहायचा असतो; तरी पाहण्यालाही मर्यादा आहे, एवढा बोध त्यातून खचित घेता येतो.

आता वाटाड्याच्या उत्तराकडे वळू. “मला काही ठाऊक नाही” हे उत्तर सोपे आहे. पण ते खोटे आहे. ‘नरो वा कुंजरो वा’ अशा थाटाचे गुळमुळीत उत्तरही त्याला शोभणारे नाही. “ठाऊक आहे, पण दाखवणार नाही, तेथे पिले आहेत” हेच उत्तर सत्याला आणि दयेला एकाच वेळी धरून आहे. हे बोलणे महागात पडू शकते, हेही आम्ही जाणतो. पाहुणा रागावेल, दुसरा वाटाड्या शोधील, आणि तो दुसरा कदाचित दाखवीलही.

शिवाय मौनालाही कसोटी हवी. आपला धंदा दुसऱ्याने घेऊ नये म्हणून जागा लपवणारा मनुष्य पक्ष्याचे नव्हे, स्वतःचे रक्षण करीत असतो. म्हणून आम्ही दोन प्रश्न सुचवतो. या मौनाने संरक्षण कोणाचे होते? आणि ज्यांच्यावर रक्षणाची जबाबदारी आहे, त्या अभ्यासकांना व वनखात्याला तरी ही माहिती दिली आहे काय? पाहुण्यापासून राखलेली गोष्ट रक्षकापासूनही लपवली, तर जंगल तोडले जाताना तेथे काय होते हे सांगायला कोणी उरत नाही. जगभरातील पक्षिनोंदी साठवणाऱ्या ‘ई-बर्ड’ या संग्रहानेही अशीच तोड काढली आहे. काही संवेदनशील जातींची नोंद तेथे घेतली जाते, पण नेमके स्थान सर्वांसमोर मांडले जात नाही.

या सगळ्याचा भार एकट्या वाटाड्यावर टाकणे मात्र न्यायाचे होणार नाही. गरिबाने सद्गुण पाळावा आणि त्याची किंमतही त्यानेच मोजावी, ही आपल्या समाजाची जुनी खोड आहे. पाहुण्याने दिवसाचे पैसे ठरवावेत, पक्ष्याचे नव्हे. नकार देणाऱ्या वाटाड्याला पूर्ण मजुरी द्यावी, आणि परतल्यावर आपल्या मित्रांना त्याचेच नाव सांगावे. एवढे केले तर त्याचा विवेक त्याला परवडेल.

आपल्या कुटुंबांतही हा प्रसंग निराळ्या वेषात येतो. शेजारच्या घरातील दुखणे, कोणाच्या मुलीचे मोडलेले लग्न, कोणाचे कर्ज आपल्याला ठाऊक असते, आणि कोणीतरी सहज विचारते. तेव्हा आपण एक तर सारे सांगून टाकतो, नाहीतर चटकन खोटे बोलतो. तिसरा मार्ग आहे, हे मुलांना दिसावे असे वाटत असेल, तर तो आधी आपल्या तोंडून त्यांच्या कानी पडला पाहिजे.

टिटवी उघड्या माळावर, खड्यांच्या जोडीला अंडी घालते. ती अंडी मातीत अशी मिसळून जातात की पायाखाली येईपर्यंत दिसत नाहीत. नांगर तेवढ्यापुरता वळवून घेणारे शेतकरी आपल्याकडे आहेत. घरी आल्यावर ते मुलांना सांगतात की त्या तुकड्यात टिटवीची अंडी आहेत, तिकडे जाऊ नका. मुले विचारतात, नक्की कोठे? बाप म्हणतो, पिले पळू लागली की दाखवीन.