‘कशासाठी’ला हद्दपार करताना

वन्यप्राण्यांवरचा मराठीत ऐकू येणारा कोणताही माहितीपट लावा, थोड्याच वेळात एक वाक्य हमखास कानावर पडते: प्रजाती टिकून राहावी म्हणून निसर्गाने या प्राण्याला अमुक एक देणगी दिली आहे. पाठ्यपुस्तकांतही या वाक्याची भावंडे भेटतात. त्यातला निसर्ग हा कुणी दूरदृष्टीचा कारभारी असतो. तो आधी गरज ओळखतो आणि मग तरतूद करतो. डार्विनने १८५९ मध्ये या कारभाऱ्याला निवृत्त कसे केले, ते पुन्हा उगाळायला नको. मग हा ‘म्हणून’ अजून का नांदतो? दगड खाली कशासाठी पडतो, असे आता कुणी भौतिकशास्त्रज्ञ विचारत नाही. जीवशास्त्रानेही ‘कसे’ एवढेच विचारावे आणि ‘कशासाठी’ हा प्रश्न कीर्तनकारांकडे सोपवावा, असे म्हणावेसे वाटते. पेशीतल्या रेणूंवर काम करणाऱ्या कित्येकांची, उघड बोलून दाखवली नाही तरी, हीच भूमिका असते. रेणू एकमेकांना चिकटतात, सुटतात, तुटतात. त्यात हेतू कुठे आला? भूमिका सोवळी आहे आणि वरवर पाहता तिच्यात खोट दिसत नाही.

पण रक्ताभिसरण शोधून काढणारा विल्यम हार्वे आडवा येतो. त्याच्या काळापर्यंत प्राचीन वैद्य गेलनचे मत चालत आले होते: खाल्लेल्या अन्नापासून यकृतात रक्त तयार होते, ते शिरांतून अंगभर पसरते आणि तिथेच खर्ची पडते. हार्वे पादुआला शिकला, तेव्हा तिथे शरीरशास्त्र शिकवणाऱ्या फॅब्रिशियसने शिरांमधल्या झडपांचे बारकाईने वर्णन केले होते. झडपा त्याच्या डोळ्यांसमोर होत्या, चित्रेही उत्तम काढली होती. रक्त एकदम हातापायांत साचू नये म्हणून त्या प्रवाहाला आवर घालतात, असे त्याला वाटले. रॉबर्ट बॉइलने १६८८ मध्ये लिहून ठेवले आहे की, अभिसरणाची कल्पना सुचली कशी, असे त्याने हार्वेला त्याच्या अखेरच्या दिवसांत विचारले होते. झडपांची ठेवण पाहून, असे हार्वेचे उत्तर होते. इतक्या झडपा अशा एकाच दिशेला उघडणाऱ्या आहेत, तर त्या कशासाठी तरी असणार. १६२८ च्या ग्रंथात त्याने त्याचा पडताळा दिला आणि तो आजही कुणालाही स्वतःच्या हातावर पाहता येतो. दंडाला फडके आवळले की कोपराखालच्या शिरा तट्ट फुगतात आणि त्यांच्यावर जागोजागी गाठींसारखे उंचवटे दिसू लागतात. त्या झडपांच्या जागा. आता मनगटाच्या बाजूला शिरेवर एक बोट दाबून धरायचे आणि दुसऱ्या बोटाने तिथून वर, पुढच्या गाठीपलीकडे रक्त सारत न्यायचे. मधली शीर सपाट, रिकामी राहते. वरचे रक्त गाठ ओलांडून खाली येत नाही. खालचे बोट उचलले की ती तत्काळ भरते, तीही खालून. जोडीला हिशेब होता: दर ठोक्याला हृदयातून अर्धा औंस रक्त बाहेर पडते असे धरले, तरी अर्ध्या तासात हजार ठोक्यांचे ५०० औंस, म्हणजे साधारण १५ लिटर होतात. एवढे रक्त रोजच्या जेवणातून कोण तयार करणार? निव्वळ ‘कसे’ विचारून झडपांचे वर्णन फॅब्रिशियसइतके नेमके करता आले असते. रक्त फिरते हे कळायला मात्र ‘कशासाठी’चीच वाट धरावी लागली.

यावर उत्तर तयार असते: प्रश्न सुचायला मदत झाली असेल, पण सुचणे वेगळे आणि शास्त्र वेगळे, इमारत बांधून झाली की परांची काढून टाकतात. हे उत्तर टिकत नाही, आणि का टिकत नाही ते हृदयाच्याच उदाहरणात दिसते. हृदय रक्त ढकलते आणि लबडब असा आवाजही करते. दोन्ही गोष्टी तितक्याच खऱ्या, तितक्याच मोजता येण्याजोग्या. लेनेकने १८१६ मध्ये स्टेथोस्कोप शोधल्यापासून तो आवाज डॉक्टरांच्या फार उपयोगी पडतो. तरीही हृदय आवाजासाठी आहे असे कुणी म्हणत नाही. एक कार्य आहे, दुसरा आनुषंगिक परिणाम. रक्ताचा लाल रंगही तसाच: लोह असलेल्या हिमोग्लोबिनमागून तो आपसूक आला. हा भेद ‘कसे’च्या पोटातून निघत नाही. आणि तो पुसला की काय होते, ते २०१२ मध्ये दिसले. ‘एनकोड’ या प्रचंड प्रकल्पातल्या शेकडो शास्त्रज्ञांनी जाहीर केले की, मानवी जीनोमचा ८० टक्के भाग कार्यशील आहे. प्रथिनांची कृती सांगणारा भाग दोन टक्क्यांच्याही आत असताना! डीएनएच्या तुकड्याची आरएनए नक्कल निघते, त्याला एखादे प्रथिन चिकटते, एवढ्यावर त्याला कार्य असल्याचा दाखला मिळाला होता. म्हणजे लबडब हेही हृदयाचे कार्यच ठरले. पुढच्याच वर्षी दान ग्राऊर आणि सहकाऱ्यांनी या दाव्याची सालटी काढली. त्यांची भाषा शास्त्रीय नियतकालिकाला न शोभण्याइतकी तिखट होती, पण मुद्दा चोख होता. रायन ग्रेगरी या कॅनेडियन जीवशास्त्रज्ञाने तर आधीच एक कसोटी सुचवली होती, तीही कांद्याची. माणसाचा जीनोम सुमारे ३ अब्ज अक्षरांचा, कांद्याचा त्याच्या जवळजवळ पाचपट. सगळा मजकूर कामाचाच असेल, तर माणसापेक्षा पाचपट सूचना लासलगावच्या बाजारात पोत्यात पडलेल्या कांद्याला कशाला लागतात? ‘एनकोड’ने जमवलेली माहिती मोलाची आहे, फसले ते तिच्यातून काय कशासाठी आहे हे निवडण्याचे काम. कारण ती निवड करायला पूर्वजांकडे जावे लागते: या गोष्टीमुळे त्यांची पिले जास्त जगली का, आणि म्हणून ती गोष्ट टिकली का?

तेव्हा माहितीपटातल्या त्या वाक्यातला ‘म्हणून’ राहू द्यायला हवा. खटकते ती ‘प्रजाती’. धारवाडजवळच्या वानरांच्या टोळ्यांवर युकिमारू सुगियामा यांनी १९६० च्या दशकात लक्ष ठेवले, तेव्हा नवा हुप्प्या टोळीत शिरतो, जुन्याला हाकलतो आणि अंगावर पिणारी पिले मारतो, असे आढळले. प्रजातीच्या हिताच्या चष्म्यातून याचा अर्थ लागेना; गर्दीमुळे, माणसाच्या सहवासामुळे झालेली ही विकृती आहे, असे काहींनी म्हटले. अबूच्या पहाडात काम केलेल्या सारा हर्डी यांनी १९७० च्या दशकात उलट मांडणी केली: पिल्लू गेले की आई लवकर माजावर येते आणि नव्या हुप्प्याची संतती लवकर जन्मते. एवढ्यावर ती नुसती रचलेली गोष्टच ठरली असती. पण ती खरी असेल, तर हुप्प्या स्वतःची पिले मारणार नाही आणि पुढची पिले त्याची असतील. म्हणजे ती खोटी ठरायलाही वाव होता. नेपाळमधल्या रामनगरच्या वानरांचा डीएनए तपासून १९९९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. हल्ला करणारे नर बळी पडलेल्या पिलांचे बाप नव्हते. त्याच माद्यांना पुढे झालेल्या पिलांचे बाप बहुधा तेच होते. पिल्लू जिवाला मुकते, आईचे कित्येक महिन्यांचे पोसणे वाया जाते, प्रजातीचे एक वानर कमी होते. फायदा होतो तो एकट्या हुप्प्याचा.