किती वेळ लागला, हे सांगायचं का?

जानेवारीत कडव्या वालांना लवकर मोड येत नाहीत. उन्हाळ्यात रात्रभर भिजवून, उपसून फडक्यात बांधले की काही तासांत कोंब डोकावतात. थंडीत दीड-दोन दिवस जातात, आणि तरी पातेलं जुन्या शालीत गुंडाळून ठेवावं लागतं. मग वाल कोमट पाण्यात टाकायचे आणि एकेक दाणा चिमटीत धरून सोलायचा. अर्धा किलो सोलताना तास सहज जातो, बोटं सुरकुततात. शिजायला मात्र वीसेक मिनिटं पुरतात.

म्हणजे शनिवारी रात्री कुणाला तरी घरी जेवायला बोलावलंय, दोघंच असणार आहात, आणि वालाचं बिरडं करायचं मनात आहे, तर वाल बुधवारी रात्रीच भिजत पडायला हवेत. यूट्यूब बघून तिरामिसू करण्यापेक्षा हा बेत जास्त महत्त्वाकांक्षी आहे, असं माझं मत. तिरामिसूचे कष्ट दिसतात. थर दिसतात, वरची कोको पावडर दिसते, फोटो निघतो. बिरड्याचे कष्ट सालांबरोबर कचऱ्यात गेलेले असतात. ताटात उरते ती पिवळसर, रसदार उसळ. माहीत नसणाऱ्याला वाटेल, कुकरच्या तीन शिट्ट्यांचं काम आहे.

आता समोरच्याने पहिला घास घेऊन ‘छान झालंय’ म्हटलं, की काय म्हणायचं? ‘काही नाही रे, सहज केलं’, की ‘तीन दिवस खपतेय’?

पहिलं उत्तर नम्र वाटतं. पण ते खोटं आहे, आणि निरुपद्रवीही नाही. ‘सहज केलं’ म्हणणारा माणूस मनात हिशोब ठेवत नाही असं कुठे आहे? आठ महिन्यांनी भांडण झालं की तोच म्हणतो, ‘तुला काय माहीत मी तुझ्यासाठी किती केलं!’ बरोबर आहे, माहीत नाहीच. कारण सांगितलंच नव्हतं. दुसरं उत्तर खरं आहे, पण ते जेवणाआधी बिल ठेवल्यासारखं आहे. तीन दिवसांच्या कष्टांसमोर ‘मला कडवट चव आवडत नाही’ असं म्हणायची हिंमत कोण करेल?

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मार्सेल मोस याने 1925 साली भेटवस्तूंवर एक दीर्घ निबंध लिहिला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की भेट वरवर ऐच्छिक दिसते, पण देणं, स्वीकारणं आणि परतफेड करणं ही तिन्ही बंधनं तिच्यात असतात. आपल्याला यात नवल वाटू नये. लग्नात कोणी किती आहेर केला, ते वहीत लिहून ठेवणारी माणसं आपण. पत्रिकेवर ‘कृपया आहेर आणू नये’ छापतो, तेही ही परतफेड टाळायलाच.

आणि जेवणाच्या बाबतीत तर आपल्याकडे आग्रह नावाची संस्थाच आहे. ‘माझ्यासाठी अजून एक वाढू?’ यात ‘माझ्यासाठी’ हा शब्द नीट ऐका. पोट तुमचं, समाधान वाढणाऱ्याचं. डेटवरच्या जेवणात आग्रह कोणी तोंडाने करत नाही. मेणबत्ती, गाण्यांची यादी आणि खास काढलेल्या काचेच्या वाट्या तो करत असतात.

मला यातून एकच बरी वाट दिसते. आठ वाजता नाही, साडेसहाला बोलवायचं, आणि सोलायचं दोघांनी. थंडीत कोमट पाण्याच्या परातीत दोघांचे हात असणं हे मेणबत्तीपेक्षा वाईट नाही. कष्ट सांगावे लागत नाहीत, लपवावेही लागत नाहीत. मग कडवटपणा आवडला नाही तरी ते बोलणं सोपं जातं, कारण पदार्थ एकट्याचा राहिलेला नसतो.

पण ही वाट सगळ्यांसाठी नाही. जिने लहानपणापासून घरातल्या दहा जणांचे वाल, मटार, लसूण सोलले, तिला परातीपुढे बसवणं म्हणजे डेट नव्हे. तिला कोणीतरी खुर्चीत बसवून, हातात चहा देऊन, ‘तू उठू नकोस’ म्हणणं हीच भेट असेल. (तिच्या आईच्या बिरड्याला कोणी महत्त्वाकांक्षी म्हटलं नव्हतं, हेही आहेच. मुलाने तेच एकदा केलं की त्याची स्टोरी होते.) अशा वेळी दादर-ठाण्याच्या बाजारातून सोललेले वाल आणले तरी काही बिघडत नाही. तो तासही कोणाच्या तरी बोटांनी दिलेलाच असतो, फक्त त्याचे पैसे मोजलेले असतात.

मग आधी विचारायचं का, की कडवट चालतं का, सोलायला आवडेल का? सरप्राइज मरतं, हे खरं. पण सरप्राइज बहुतेकदा देणाऱ्याच्याच आवडीचं असतं. बुधवारी रात्री वाल भिजवायच्या आधी एक मेसेज टाकायला काय जातं? उत्तर ‘नाही, वाल नको’ असं आलं, तर वाल कोरडेच आहेत, डब्यात महिनोन् महिने टिकतात. आणि ‘चालेल’ असं येऊनही अर्धी वाटी ताटात राहिलीच, तर राहू दे. बिरडं दुसऱ्या दिवशी जास्त मुरतं.