बटनाचं काय झालं?

लेखन सुधारायचे म्हणजे कोणी सुधारायचे, आणि कोणासाठी? हा प्रश्न मला फार उशिरा पडला. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेली बाई. दिवसा मुलांना शिकवते, रात्री कादंबऱ्या लिहिते. दोन्हीकडे खाडाखोड हाच माझा धंदा.

मनीषनगरच्या घरी एकदा तिसरीच्या वह्या तपासत बसले होते. विषय नेहमीचा, ‘माझी आई’. एका मुलीने लिहिले होते, ‘लाइन गेली होती. आई मेणबत्तीपाशी माज्या फ्राकला बटन लावून राहिली होती. मी पाहून राहिली होती.’ मी तांबड्या शाईने दोन्ही ‘राहिली’ कापल्या, चार ठिकाणी गोल केले आणि ‘स्वच्छ लिहून आण’ असा शेरा मारला. दुसऱ्या दिवशी वही आली : ‘माझी आई प्रेमळ आहे. ती सुगरण आहे. ती मला फार आवडते.’ चूक एकही नव्हती.

“बटनाचं काय झालं गं?” मी विचारले.

“बाई, ते चुकलं होतं ना!”

पोरीने आईच खोडून टाकली होती, आणि खोडरबर माझ्या हातचा होता.

‘करून राहिलो’ ही आमच्या नागपूरकडची बोली. ‘लावत होती’पेक्षा ‘लावून राहिली होती’ म्हटले की आई जरा जास्त वेळ बसलेली दिसते. शुद्धाशुद्धाचे म्हणाल, तर मराठी साहित्य महामंडळाचे लेखननियम शासनाने १९६२ साली मान्य केले आणि उच्चारात नसलेले अनुस्वार गेले. तोवर जे गाळणे चूक होती, ते पुढे लिहिणे चूक ठरले.

म्हणून चुका तशाच ठेवाव्यात काय? तसेही नव्हे. प्रमाण भाषा न शिकवणे म्हणजे मुलाला दाराबाहेर उभे करणे. १८५५ साली मुक्ता साळवे हिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध ‘ज्ञानोदया’त छापून आला. ती जोतीराव फुल्यांच्या पुण्यातील शाळेत शिकलेली, वय चौदाच्या आसपास. अक्षरे शाळेने दिली म्हणून तिचे म्हणणे लोकांपर्यंत गेले; पण दुःख तिचे होते. ते सोज्वळ करून घेतले असते, तर आज तो निबंध कोणाला आठवला असता?

मी स्वतःचे पान दहादा खोडते, ते मनात जे होते त्याच्या जवळ जाण्यासाठी. त्या मुलीने खोडले ते बाईंच्या मर्जीजवळ येण्यासाठी. पहिले सुधारणे, दुसरे नुसते घाबरणे.

आता मी आधी मुलाचे लेखन त्यालाच मोठ्याने वाचून दाखवते आणि अडले तेथे विचारते, मग पुढे काय झाले? मूल आपणच एक ओळ घालते, एक काढते. काढायची ती एका रेघेने. खालचे वाचता आले पाहिजे, वाटले तर परत घेता येते. ऱ्हस्वदीर्घ सर्वांत शेवटी. बोलीतल्या रूपाशेजारी पुस्तकातले रूप लिहून दोन्ही शिकवते. वेळ फार जातो, पण जाऊ द्यावा.

दिवाळीत अंगणात लहान मुलीची रांगोळी वाकडी गेली, तर शहाणी आई ती पायाने पुसत नाही. शेजारी बसते आणि विचारते, “हा ठिपका कशाला जोडायचा होता तुला?”

त्या मुलीला मी पहिले पान पुन्हा उघडायला लावले. तिने एक ओळ वाढवली. बटन निळे होते आणि फ्रॉक पिवळा. घरात पिवळे बटन उरले नव्हते.