'नव्हे' आणि 'नये'

इंग्रजी व्याकरणाविषयी सुशिक्षितांत वाद माजला की तो बहुधा एकाच चव्हाट्यावर येऊन थांबतो : 'टू' हा शब्द आणि त्याच्या पुढचे क्रियापद यांच्यामध्ये एखादे क्रियाविशेषण शिरू द्यावे की नाही. एका पक्षाच्या मते हा अपराध आहे. दुसऱ्या पक्षाच्या मते मनाईचा हा हुकूम कोणा कर्मठाने काढला असून त्याला कसलाही आधार नाही, सबब ज्याने त्याने आपले क्रियाविशेषण वाटेल तेथे ठेवावे. दोघांचा आवेश पाहिला की वाटते, ही दोन भाऊबंदांची सामाईक भिंतीवरून चाललेली जुनी तकरार असावी, आणि त्या भिंतीच्या आड राहते कोण, हे पाहण्याची फुरसत दोघांपैकी कोणालाच नसावी.

पहिल्या पक्षाचा निकाल लावण्यास फार वेळ लागू नये. लॅटिनमध्ये इन्फिनिटिव्ह, म्हणजे तुमन्त क्रियारूप, हे एकसंध पद असते, ते तोडता येत नाही, म्हणून इंग्रजीतही तोडू नये, असा त्याचा युक्तिवाद सांगितला जातो. संस्कृत शिकलेल्या आपल्याकडील माणसाला तो चटकन पटतो, कारण 'गन्तुम्' या तुमन्ताच्या पोटात दुसरा शब्द शिरत नाही, हे त्याच्या अंगवळणी पडलेले असते. परंतु इंग्रजीतील 'टू' हा 'तुम्'सारखा प्रत्यय नव्हे. प्राचीन इंग्रजीत इन्फिनिटिव्हला स्वतःचा प्रत्यय शेवटी लागत असे आणि 'टू' हे त्याच्या आधी येणारे स्वतंत्र अव्यय होते. पुढे प्रत्यय झिजून नाहीसे झाले आणि अव्यय तेवढे उरले. आजही 'तुला जायचे आहे का?' या प्रश्नाला 'आय वॉन्ट टू' एवढे उत्तर पुरते. क्रियापद गळून गेले तरी 'टू' जागचे हलत नाही. मग ते क्रियापदाला जन्मतः चिकटलेले आहे असे कोणत्या तोंडाने म्हणावे? भाषाशास्त्रज्ञ ऑटो येस्पर्सनने दाखविलेच आहे की 'द' आणि नाम यांच्यामध्ये विशेषण येते तेव्हा नाम फुटले अशी ओरड कोणी करीत नाही. शिवाय १८६४ साली कँटरबरीचे डीन हेन्री आल्फर्ड यांनी या प्रयोगाविरुद्ध लिहिले तेव्हा त्यांनी लॅटिनचा दाखला दिलाच नव्हता. इंग्रजी बोलणारे व लिहिणारे असे करीत नाहीत, एवढेच त्यांचे म्हणणे होते. वहिवाटीच्या कसोटीवर तेही टिकत नाही, कारण चौदाव्या शतकातल्या विक्लिफच्या लेखनात असे प्रयोग सापडतात.

खरा अनर्थ दुसऱ्या पक्षाने केला आहे. नियम निराधार आहे हे सिद्ध झाले म्हणजे ज्या गोष्टीविषयी तो नियम होता ती गोष्टच क्षुल्लक ठरते, असे या पक्षाने गृहीत धरले. ही उडी इतकी सहज मारली जाते की मधली दरी कोणाच्या लक्षातही येत नाही. 'ही फेल्ड कंप्लीटली टू अंडरस्टँड' म्हणजे त्याला काहीएक समजले नाही. 'ही फेल्ड टू कंप्लीटली अंडरस्टँड' म्हणजे समजले, परंतु पुरते नाही. शब्द तेच, संख्या तीच, आणि एका माणसाचा दुसऱ्याविषयीचा अभिप्राय मात्र उलटापालटा. यावर स्वातंत्र्यवादी म्हणतात की संदर्भावरून सारे उमगते. संदर्भ हा जामीनदार आहे, आणि जो ऋणको प्रत्येक व्यवहारात जामीनदारालाच पुढे करतो त्याची पत काय असते, हे कोणत्याही सावकाराला विचारावे. एखाद्या करारनाम्यात किंवा न्यायालयाच्या हुकुमात ते क्रियाविशेषण आले असता पक्षकारांचे वकील त्याच संदर्भावरून दोन अर्थ काढतील आणि दोघेही ते प्रामाणिकपणे काढतील.

या पक्षाला इंग्रजी शब्दप्रयोगांचा कोश लिहिणाऱ्या फाउलरचे नाव पुढे करण्याची हौस फार. फाउलरने आपल्या १९२६ च्या ग्रंथात या प्रश्नापुरते इंग्रजी बोलणाऱ्या जगाचे पाच वर्ग पाडले, हे खरे. आणि संदिग्धतेपेक्षा किंवा ओढूनताणून केलेल्या रचनेपेक्षा फुटलेला इन्फिनिटिव्ह बरा, असा कौल त्याने दिला, हेही खरे. परंतु त्याच्या यादीतला शेवटचा वर्ग हा प्रयोग जाणून त्याला सरसकट मान्यता देणाऱ्यांचा नाही. जाणून भेद करणाऱ्यांचा आहे. आमच्या स्वातंत्र्यवाद्यांनी त्याची सनद उचलली आणि तिच्यातील भेदाची अट तेवढी खोडून टाकली. (भाषा आपोआप येते, तिला व्याकरण कशाला, असे म्हणणारा तिसराही एक पक्ष आहे, तो अद्याप लिहिण्याच्या पायरीवर आलेला नसल्यामुळे त्याचा विचार येथे केलेला नाही.)

हा भेद कशाच्या आधारे करावा, हे कळण्यासाठी आता उभयान्वयी अव्ययांकडे पाहावे. इन्फिनिटिव्हशी जुळणारी ही मंडळी, म्हणजे 'व्हेदर', 'दॅन', 'ॲज इफ' किंवा 'सो ॲज', नेहमी 'टू'च्या बाहेर, उंबरठ्यावर उभी असतात. क्रियाविशेषणाला आत जाण्याची मुभा आहे, यांना ती कधीच नाही. 'व्हेदर टू गो' चालते, 'टू व्हेदर गो' हे कोणा परकीयाच्याही तोंडून निघणार नाही. याचे कारण मला असे दिसते की तुमन्तात दोन गोष्टी असतात : धातू जी सांगतो ती क्रिया, आणि 'टू' जिच्याकडे बोट दाखवितो ती दिशा, म्हणजे बहुधा हेतू. उभयान्वयी अव्यय साऱ्या पदसमूहाला मागच्या वाक्याशी जोडते, म्हणून ते बाहेर राहते. क्रियाविशेषणाचा मालक मात्र हेतूही असू शकतो आणि क्रियाही. ते कोठे उभे आहे हा प्रश्न दुय्यम आहे. ते कोणाचे आहे हा खरा प्रश्न आहे.

'बहुधा हेतू' असे म्हटले ते जपून म्हटले. 'ही रिटर्न्ड होम ओन्ली टू फाइंड इट एम्प्टी' या वाक्यात घर रिकामे पाहण्याचा हेतू कोणाचाच नाही. घरी येऊन पाहतो तो घर रिकामे, एवढाच त्याचा अर्थ. 'नेव्हर टू रिटर्न' हाही हेतू नव्हे, परिणाम आहे. पण 'टू' दिसले की 'साठी' लिहावे अशी शिकवण घेतलेल्या भाषांतरकारांनी आपल्या वृत्तपत्रांत 'तो कधीही न परतण्यासाठी निघून गेला' असली वाक्ये इतकी पेरली आहेत की आता मूळ मराठीत लिहिणारेही ती लिहू लागले. बिचारा गेला तो गेलाच. न परतण्याचा त्याचा बेत होता असा आळ त्याच्यावर का घ्यावा?

आता मुद्दा राहिला 'नॉट'चा, आणि माझ्या मते या साऱ्या प्रकरणाचा कणा येथेच आहे. 'टू नॉट गो' आणि 'नॉट टू गो' यांत काही फरक नाही, असे स्वातंत्र्यवादी म्हणतात. 'न जाण्याचे ठरविले' अशा ठिकाणी तो फारसा नसतो, हे मी मान्य करतो. परंतु हे वाक्य घ्या : 'ही लेफ्ट अर्ली, नॉट टू अव्हॉइड मी बट टू कॅच द ट्रेन.' येथे 'नॉट'ने टाळण्याची क्रिया नाकारलेली नाही, टाळण्याचा हेतू नाकारला आहे. आता दुसरे वाक्य : 'ही लेफ्ट अर्ली सो ॲज नॉट टू मीट मी.' येथे हेतू आहे, चांगला पक्का आहे; नाकारली आहे ती भेट. दोन्हीकडे 'नॉट' हा शब्द 'टू'च्या बाहेर, नेमक्या त्याच जागी उभा आहे, आणि तरीही त्याचे मालक वेगळे आहेत. हा भेद कशाने झाला? दुसऱ्या वाक्यात 'सो ॲज' ही जोडी आधी येऊन उभी राहिली आणि हेतूचा ताबा तिने स्वतःकडे घेतला, त्यामुळे मागून येणाऱ्या 'नॉट'ला क्रियेवाचून दुसरा धनी उरला नाही. ती जोडी काढून 'ही लेफ्ट अर्ली नॉट टू मीट मी' एवढेच ठेवले तर वाचक 'बट' कोठे आहे म्हणून पुढे शोधू लागतो. निषेधात्मक हेतू सांगताना नुसते 'नॉट टू' लिहू नये, 'सो ॲज' किंवा 'इन ऑर्डर' जोडावे, असे शालेय व्याकरणे बजावतात. का, ते सांगत नाहीत.

मराठी माणसाला हा 'का' घरबसल्या मिळतो, याचे मला नेहमी आश्चर्य वाटत आले आहे. पहिले वाक्य आपण 'मला टाळण्यासाठी नव्हे, तर गाडी गाठण्यासाठी' असे म्हणतो. दुसरे 'माझी गाठ पडू नये म्हणून'. हेतू नाकारायचा तेथे 'नव्हे', क्रिया नाकारायची तेथे 'नये', आणि अडाणी माणूसही यांची अदलाबदल करीत नाही. त्याहून लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की हेतू सांगताना 'नये' आले की त्याच्यामागून 'म्हणून' येते, आणि 'म्हणून' हे आपल्याकडेही उभयान्वयी अव्ययच आहे. इंग्रजीने 'सो ॲज'ला जे काम दिले तेच मराठीने 'म्हणून'ला दिले, फरक इतकाच की तिकडे ते आधी उभे राहते आणि इकडे शेवटी. एकमेकींपासून इतक्या दूर वाढलेल्या दोन भाषांना हेतू सांगताना निषेध क्रियेवर बसविण्यासाठी उभयान्वयी अव्ययाचीच मदत घ्यावी लागते, आणि आमचे वादपटू अजून भिंत फुटली की नाही याचा पंचनामा करीत बसले आहेत!

तेव्हा वाचकाला एक विनंती. यापुढे इंग्रजीत 'नॉट टू' लिहिण्याची वेळ आली की ते वाक्य क्षणभर मराठीत म्हणून पाहावे. तोंडी 'नव्हे' आले तर पुढे 'बट' यावयाचे आहे हे विसरू नये. 'नये म्हणून' आले तर आधी 'सो ॲज' लिहावे आणि मगच 'नॉट'कडे वळावे.