शनिवारी बंद असलेला घाणा

बऱ्याच वर्षांपूर्वी मी एका दैनिकाच्या धाराशिवच्या जिल्हा कार्यालयात बातम्या लावत असे. व्याजापोटी शेतकऱ्याची जमीन लिहून घेणाऱ्या एका सावकाराची बातमी आली आणि मी मथळा दिला, ‘गावोगावचे शायलॉक’. साहेबांनी पाठ थोपटली. शायलॉक हा शेक्सपियरच्या नाटकातला ज्यू सावकार, आणि त्या नाटकातली पात्रं त्याला येता-जाता ‘ज्यू’ म्हणूनच हिणवतात, हे मला ठाऊक होतं. तरीही तो शब्द मी वापरला. जमीन लिहून घेणारा आपल्यातलाच होता, ओळखीच्या आडनावाचा. त्याचं पाप मी कधी न पाहिलेल्या लोकांच्या माथी मारलं.

युरोपात अनेक ठिकाणी ज्यूंना जमीन बाळगायला आणि कारागिरांच्या संघात शिरायला बंदी होती. अनेकांपुढे उरला तो व्याजाचा धंदा. आधी त्यात ढकलायचं आणि मग त्यावरूनच हिणवायचं, असा तो न्याय. धाराशिवच्या दुष्काळी सावकारीशी त्याचा काय संबंध?

मला आयुष्यात धाराशिवमध्ये एकही ज्यू माणूस भेटलेला नाही. इथे ही चूक सहज होते ती त्यामुळेच. ज्याच्याबद्दल बोलतोय तो खोलीत नसतो, त्यामुळे कोणी दुखावलेलं दिसत नाही. कचेरीत कामं रखडली की कोणीतरी म्हणतंच, ‘इथं हिटलरच पाहिजे.’ बसस्थानकावरच्या पुस्तकांच्या गाड्यावर हिटलरच्या आत्मचरित्राचा मराठी अनुवाद व्यक्तिमत्त्व विकासाच्या पुस्तकांशेजारी मांडलेला असतो आणि स्पर्धा परीक्षेची मुलं तो नेतृत्वाचे धडे म्हणून विकत घेतात. 2006 साली नवी मुंबईत ‘हिटलर्स क्रॉस’ नावाचं हॉटेल निघालं होतं. मुंबईच्या ज्यूंनी आवाज उठवला तेव्हा नाव बदललं. तिथे आवाज उठवायला माणसं होती. साठ लाख ज्यूंना मारणाऱ्याचं नाव आपण शिस्तीचा समानार्थी शब्द म्हणून वापरतो, आणि आपल्या कचेरीत त्यावर कोणी हूं की चूं करत नाही.

खरं तर ज्यू आपल्याला परके नाहीतच. कोकणातल्या बेने इस्रायली ज्यूंची परंपरा सांगते की त्यांच्या पूर्वजांचं जहाज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याशी फुटलं आणि वाचलेली मोजकी माणसं तिथेच रुजली. तेलाचा घाणा हा त्यांचा धंदा झाला. शनिवारी मात्र ते बैल जुंपत नसत, कारण तो त्यांचा शब्बाथ, विश्रांतीचा दिवस. गावाने त्यांना नाव दिलं, शनिवार तेली. मला हे नाव फार मोलाचं वाटतं. त्यात कुचेष्टा नाही. हा माणूस आपल्यासारखाच तेली आहे, फक्त त्याचा सुट्टीचा दिवस वेगळा आहे, एवढंच गावाने नोंदवून ठेवलं. त्यांची आडनावं पेणकर, रोहेकर, नवगावकर. बायकांच्या गळ्यात मंगळसूत्र, हातात हिरवा चुडा. नवसाला पोह्या-गुळाचा मलिदा. एकोणिसाव्या शतकात त्यांनी बायबलमधल्या कथांवर मराठीत कीर्तनं रचली. 1937 मध्ये मुंबईचे महापौर झालेले डॉ. एलिजा मोझेस राजपूरकर त्यांच्यातलेच. पुढे बहुतेक जण इस्रायलला गेले, आणि तिथेही हे अस्सल ज्यू की नाहीत, अशी शंका 1964 पर्यंत त्यांना सोसावी लागली. महाराष्ट्राने ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला तो 2016 मध्ये.

आता कचेरीच्या व्हॉट्सॲप ग्रुपबद्दल. गाझातल्या मुलांसाठी जीव तुटतो, तुटायलाच हवा. इस्रायलच्या सरकारला जाब विचारणं म्हणजे ज्यूद्वेष नव्हे. पण ‘हिटलरने काम अर्धवट सोडलं’ असा मजकूर पुढे ढकलला जातो, तेव्हा तो कोणत्याही सरकारला उद्देशून नसतो, पेणच्या पेणकरांनाही तो लागू होतो. आणि शेजारच्या टेबलावरच्या मुसलमान सहकाऱ्याला टोचण्यासाठी जो इस्रायलचा झेंडा प्रोफाइलला लावतो, त्याचंही ज्यूंवर प्रेम नसतं. दोघांनाही दुसऱ्या कोणाला तरी मारायला ज्यू हा हाती लागलेला दगड असतो. अशा वेळी मी ग्रुपवर वाद घालत नाही. त्या माणसाला चहाला नेतो आणि विचारतो, ‘हे नेमकं कोणाबद्दल लिहिलंस?’ बहुतेकांना उत्तर सुचत नाही, काही जण मजकूर काढून टाकतात. एकाने माझ्याशी बोलणं सोडलं.

आपल्याच गावात 2020 च्या जानेवारीत मराठी साहित्य संमेलन झालं. फादर फ्रान्सिस दिब्रिटो अध्यक्ष होते आणि ते ख्रिस्ती धर्मगुरू होते म्हणून काहींनी आधी विरोध केला होता. तरी या गावाने त्यांना मानाने बोलावलं, व्यासपीठावर बसवलं. वेगळ्या धर्माच्या माणसाला आपलं मानणं तेव्हा आपल्याला जमलं होतं.

गेल्या महिन्यात एका तरुण वार्ताहराने सावकारीची बातमी दाखवायला आणली. पहिल्याच ओळीत शायलॉक. मी त्याला माझा जुना मथळा सांगितला आणि मग शनिवार तेल्यांबद्दल सांगितलं. त्याने पेनने शब्द खोडून वर ‘सावकार’ लिहिलं. थोडा वेळ तसाच उभा राहिला. मग म्हणाला, ‘सर, शनिवारी घाणा बंद म्हणजे गावाला तेल कुठून मिळायचं?’

‘शुक्रवारीच भरून ठेवत असतील,’ मी म्हणालो.