साफ करणं आणि शोधणं

एखादी गोष्ट जाणून घेण्यासाठी ती कापूनच काढावी लागत असेल, तर जाणून घेण्याचा हट्ट कुठवर धरावा? प्रश्न पुस्तकी वाटेल. पण प्रोस्टेट कॅन्सरच्या ऑपरेशनआधी तो रुग्ण आणि सर्जन यांच्या मधल्या टेबलावर असतो. फक्त मोठ्यानं विचारला जात नाही.

प्रोस्टेट ही पुरुषाच्या मूत्राशयाखालची साधारण अक्रोडाएवढी ग्रंथी. कॅन्सर तिच्यापुरता असेल तर ती काढतात. अनेक रुग्णांत तिच्यासोबत ओटीपोटातल्या रक्तवाहिन्यांलगतचे लिम्फ नोड, म्हणजे लसिकाग्रंथींच्या बारीक गाठीही काढतात. त्या बिघडलेल्या दिसतात म्हणून नव्हे, तर कॅन्सर तिथवर पोचलाय का ते सूक्ष्मदर्शकाखाली बघता यावं म्हणून. याला स्टेजिंग म्हणतात. युरोपीय मार्गदर्शक सूचनांत बरीच वर्षं ५ टक्क्यांची रेघ होती: गाठींत कॅन्सर असण्याची शक्यता त्याहून जास्त निघाली तर गाठी काढाव्यात. म्हणजे अगदी रेघेवरच्या १०० जणांच्या गाठी काढल्या, तर साधारण ९५ जणांच्या निरोगी निघणार.

मी सॉफ्टवेअरवाला. आमच्याकडे काय बिघडलंय ते बघायला लॉग वाचतात, आणि वाचल्यानं सिस्टिमचं काही जात नाही. त्यामुळे 'माहिती जितकी जास्त तितकी चांगली' हे आमच्या अंगवळणी पडलेलं असतं. शरीरात तसं नाही. काढलेली गाठ परत बसत नाही. तिच्यावाचून लस ओटीपोटात साचू शकते, पाय सुजू शकतो, शिरेत रक्ताची गुठळी होऊ शकते.

माझ्या मामांचं हे ऑपरेशन झालं. रिपोर्टमध्ये चौदा गाठी, चौदाही निरोगी. घरात पेढे वाटले गेले. महिन्याभरानं सुजलेल्या पायावरून हात फिरवत मामांनी मला विचारलं, "नव्हताच तिथे, तर काढल्या कशाला?"

"नव्हता हे कळावं म्हणून."

"पण मला तर 'सगळं साफ केलं' असं सांगितलं होतं रे."

त्या 'साफ' शब्दाला मोठा इतिहास आहे. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये विल्यम हॉलस्टेड स्तनाच्या कॅन्सरसाठी स्तन, छातीचे स्नायू आणि काखेतल्या गाठी एकत्र काढत. कॅन्सर पायरी पायरीनं बाहेर सरकतो, तेव्हा जितकं रुंद कापाल तितकं बरं, ही त्यामागची धारणा. १९०४ साली तिथेच ह्यू हॅम्पटन यंग यांनी कॅन्सरसाठी पूर्ण प्रोस्टेट काढली, तेव्हा मदतीला हॉलस्टेडच होते. पुढे १९७१ मध्ये बर्नार्ड फिशर यांनी या धारणेची परीक्षा सुरू केली. काखेत गाठ हाताला न लागणाऱ्या स्त्रियांपैकी काहींच्या गाठी काढल्या, काहींच्या तशाच ठेवल्या. काढलेल्यांत सुमारे ४० टक्के जणींच्या गाठींत कॅन्सर सापडला. न काढलेल्यांत तो २० टक्क्यांहूनही कमी जणींच्या काखेत पुढे वर आला. २५ वर्षांनंतरही आयुर्मानात फरक दिसला नाही.

प्रोस्टेटचं उत्तर इतकं सरळ नाही. थोड्या गाठी काढणं आणि जास्त काढणं यांची तुलना करणाऱ्या दोन मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष २०२१ मध्ये आले, एक ब्राझीलमधून, एक न्यूयॉर्कमधून. पीएसए पुन्हा वाढण्याच्या प्रमाणात एकूण फरक दिसला नाही. न्यूयॉर्कच्या रुग्णांकडे आणखी काही वर्षं लक्ष ठेवल्यावर मात्र जास्त गाठी काढलेल्यांत आजार दूर पसरण्याचं प्रमाण कमी आढळलं. 'निव्वळ शोध, उपचार शून्य' असंही म्हणून चालणार नाही.

पण शोधाचा एक चकवा आहे, आणि तो अल्वन फाइनस्टाइन यांनी १९८५ मध्ये दाखवला. तपासणी बारीक झाली की किंचित पसरलेला आजार असलेले रुग्ण 'न पसरलेल्या' गटातून 'पसरलेल्या' गटात जातात. पहिल्या गटातले सर्वांत कच्चे गेले, त्याची सरासरी सुधारली. दुसऱ्यात त्यामानानं धडधाकट आले, त्याचीही सुधारली. दोन्ही रकाने सुधारले आणि एकही माणूस एक दिवस जास्त जगला नाही. डॅशबोर्ड हिरवा करण्याची ही युक्ती आमच्या धंद्यातही ओळखीची आहे.

मग जाणून घेण्याचा हक्क कधी मिळतो? माझ्या मते, उत्तरावर काही अवलंबून असेल तेव्हा. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत गाठींत कॅन्सर सापडलेले ९८ पुरुष होते. ज्यांना हार्मोनचे उपचार लगेच मिळाले ते वाट पाहणाऱ्यांपेक्षा जास्त जगले. अशा माणसासाठी ती माहिती म्हणजे आयुष्यच. पण 'हो' आलं काय नि 'नाही' आलं काय, पुढे तेच करायचं असेल, तर ती माहिती कोणासाठी? फाइलसाठी? सर्जनच्या समाधानासाठी? की पुढच्या रुग्णांसाठी? हे शेवटचं कारण क्षुल्लक नाही, वर सांगितलेलं सगळं कुणाच्या तरी शरीरातूनच कळलंय. पण मग ते दान आहे, आणि दान मागून घ्यावं लागतं. काही जणांना नुसतं कळणंही हवं असतं. तेही पुरेसं कारण आहे, ते रुग्णानं स्वतः दिलं असेल तर.

म्हणून संमतीपत्रावर दोन वेगळ्या ओळी हव्यात: एवढं आम्ही बरं करण्यासाठी काढतोय, आणि एवढं बघण्यासाठी. दुसऱ्या ओळीपुढे 'नको' लिहायलाही जागा हवी.