दादाची रात्र दुपारी असते

पुण्यात भाड्याच्या वन बीएचकेमधल्या दहा बाय अकराच्या बेडरूममध्ये मी गाणी मिक्स करतो. नोकरी कोड लिहायची, हौस ही. सुरुवातीला अनेकजण करतात तेच केलं: भिंतीला अंड्यांचे ट्रे चिकटवले. फरक शून्य.

मग गणित केलं. ध्वनीचा वेग सेकंदाला साधारण 343 मीटर. म्हणजे 80 हर्ट्झच्या बेसची लाट चार मीटरपेक्षा लांब, माझ्या खोलीपेक्षाही मोठी. तिला पातळ पुठ्ठा किंवा इंचभर फोम काय करणार? सुताराकडून लाकडी चौकटी करून घेतल्या, आत रॉकवूल भरलं, वरून सुती कापड ताणलं. कोपऱ्यांत जाड थर दिला. मित्र भिंतीवर आरसा सरकवत गेला. खुर्चीत बसून जिथे मला त्यात स्पीकर दिसला, तिथे पॅनेल लावलं. मागच्या भिंतीवर आजीची गोधडी. सगळं दहा हजारांच्या आत. आधी टाळी वाजवली की खोली टणटणायची, आता टाळी जागीच विरायला लागली.

खूश होऊन मी आवाज वाढवला. चौथ्या दिवशी खालच्या काकू वर आल्या. "अरे, दुपारचं ते धडधड काय असतं? दादाची नाइट असते ना!" त्यांचा मुलगा चाकणला रात्रपाळी करतो आणि सकाळी आठला येऊन झोपतो.

मी म्हणालो, "काकू, मी साउंडप्रूफिंग केलंय."

हे खोटं होतं, आणि मला ते माहीत होतं. खोलीतला आवाज शोषणं वेगळं, बाहेर जाणारा अडवणं वेगळं. शोषायला रॉकवूलसारखी सच्छिद्र, हलकी वस्तू पुरते. अडवायला वजन लागतं. भिंतीचं वजन दुप्पट केलं तरी ढोबळमानाने 6 डेसिबलच कमी होतात. वर फटी बुजवायच्या आणि जमिनीवर तिच्यापासून सुटी अशी दुसरी जमीन टाकायची. भाड्याच्या घरात हे जमत नाही, परवडत तर नाहीच.

म्हणजे स्वस्त उपाय माझ्या कानांसाठी आणि महाग उपाय दुसऱ्यांच्या. मी पैसे वाचवले असं मला वाटत होतं. खरं तर अर्धा खर्च मी दादाच्या झोपेवर टाकला होता.

नियम माझ्या बाजूने आहेत का, तेही पाहिलं. ध्वनिप्रदूषण नियम, 2000 नुसार निवासी भागात मर्यादा दिवसा 55 डेसिबल, रात्री 45. रात्र म्हणजे 10 ते 6. दादाची रात्र या कागदावर नाहीच. पण कागदावर नाही म्हणून ती रात्र नाही का? आणि काकूंच्या कुकरची शिट्टी माझ्या रेकॉर्डिंगमध्ये आली की मी तिला नॉइज म्हणतो. मग माझा बेस त्यांच्या घरात शिरला की तो संगीत कसा?

शेवटी खाली गेलो, खोटं बोललो ते सांगितलं आणि दादाच्या खोलीत उभा राहिलो. वर मित्राने माझं गाणं लावलं. महिनाभर घासलेले शब्द, सूर, काहीच ऐकू आलं नाही. फक्त ठोका. सलग, अर्थ नसलेला ठोका. दादाने रोज एवढंच ऐकलं होतं.

आता दादा उठल्यावर, संध्याकाळी पाच ते आठ स्पीकर, एरवी हेडफोन. पॅनेल लावलेल्या खोलीत कमी आवाजातही बारकावे कळतात, हा फायदा मला आधी सुचलाच नव्हता. हेडफोनवर मात्र बेसचा अंदाज चुकतो, त्यामुळे गाणं अजून अडकलंय. दादाची शिफ्ट बदलली की वेळ पुन्हा ठरवावी लागेल. तेव्हा त्यांनी वर यायची वाट न पाहता मीच खाली जाईन, एवढं ठरवलंय.